धोक्यातील धरण आणि नदीकाठचा समाज : पानशेत ते तिवरे

मराठीत आपत्तीच्या अनुषंगाने रूढ झालेले शब्द पाहिले असता त्यांतील एक समान घटक सहज लक्षात येतो. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, दुष्काळग्रस्त, धरणग्रस्त या सर्व शब्दांत संकटाने ग्रासण्याची क्रिया पूर्ण झालेली असते. ज्याचे घर वाहून गेले तो पूरग्रस्त. ज्याचे शेत जलाशयाखाली गेले तो धरणग्रस्त. परंतु ज्या गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या धरणाचा माथा खचू लागला आहे, भिंतीतून पाणी झिरपत आहे, आणि तरीही धरण अद्याप उभे आहे, त्या गावातील माणसांना उद्देशून मराठीत शब्द नाही. ही उणीव केवळ कोशकाराची नव्हे. शासनाचे साहाय्य, वृत्तपत्रांची दखल आणि समाजाची सहानुभूती ही तिन्ही बहुधा अशा शब्दांचे बोट धरूनच चालतात. ज्यांना नाव नाही, त्यांच्यासाठी निधी उभा राहत नाही आणि त्यांच्या दारी मंत्र्यांचा दौराही येत नाही.

महाराष्ट्राच्या धरणविषयक इतिहासात धरणाच्या वरच्या बाजूच्या माणसांविषयी सहानुभूतीची एक ठळक परंपरा आहे. १९२१ मध्ये सुरू झालेला मुळशी सत्याग्रह हा तिचा आरंभबिंदू मानला जातो. सेनापती बापट यांच्या नेतृत्वामुळे मावळातील बुडणाऱ्या जमिनींचा प्रश्न प्रांताच्या राजकारणात पोहोचला. सत्याग्रह अयशस्वी ठरला, धरण झाले. तथापि विस्थापनाचा प्रश्न विस्मृतीत गेला नाही. पुढे धरणग्रस्तांच्या चळवळी उभ्या राहिल्या आणि १९७६ मध्ये राज्याने प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. धरणाच्या खालच्या बाजूस राहणाऱ्या माणसांची मात्र अशी चळवळ झाली नाही आणि त्यांच्या नावाने तसा कायदाही दीर्घकाळ झाला नाही. याचे एक कारण उघड आहे. वरच्या माणसाचे नुकसान निश्चित असते, त्याची तारीख ठरलेली असते आणि सातबाऱ्यावर त्याची नोंद असते. खालच्या माणसाचे नुकसान ही एक शक्यता असते. शक्यतेचा पंचनामा होत नाही.

प्रस्तुत निबंधात या शक्यतेच्या काळाचा, म्हणजे धरण नादुरुस्त झाल्याचे कोणाला तरी कळले आहे आणि ते अद्याप फुटलेले नाही या मधल्या अवधीचा, विचार केला आहे. त्यासाठी मुख्य आधार पानशेतचा घेतला आहे. कारण हा अवधी तेथे जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो.

पानशेत : अकरा जुलैची रात्र

पुण्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीत उगम पावणाऱ्या आंबी, मोसी आणि मुठा या नद्यांचे पाणी खडकवासल्याच्या जलाशयात एकत्र येते. खडकवासल्याचे दगडी धरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश अभियंत्यांनी बांधले. पुण्याचे पिण्याचे पाणी आणि पूर्वेकडील कोरड्या मुलखाचे सिंचन ही त्याची प्रयोजने होती. वाढत्या मागणीस हे धरण अपुरे पडू लागल्याने त्याच्या वरच्या बाजूस आंबी नदीवर पानशेत येथे मातीचे मोठे धरण बांधण्याचे ठरले आणि १९५७ मध्ये कामास प्रारंभ झाला. पानशेतचा नियोजित साठा खडकवासल्याच्या साठ्याच्या कितीतरी पट होता. वरचे धरण फुटल्यास खालचे धरण ते पाणी पोटात घेऊ शकणार नाही, हे या साध्या प्रमाणावरूनच स्पष्ट होते.

काम पूर्ण होण्याची मूळ मुदत १९६२ ची होती. परंतु १९६१ च्या पावसाळ्यातच पाणी अडविण्याच्या दृष्टीने कामास गती देण्यात आली. धरणाच्या पायथ्यातून पाणी सोडण्यासाठी ठेवलेल्या मोरीचे काम आणि तिच्या दरवाजाची उचल-यंत्रणा पावसाळा सुरू झाला तेव्हा पूर्ण झालेली नव्हती. मोरीच्या बांधकामात लोखंडी सळया घातलेल्या नव्हत्या. साध्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर काम भागविण्यात आले होते. अर्धवट उघड्या दरवाजातून जोराने जाणाऱ्या पाण्यामुळे मोरीस हादरे बसू लागले. मातीच्या धरणात मोरी हा सर्वांत नाजूक भाग असतो. तिच्या बांधकामास तडा गेला की भोवतालची माती पाण्याबरोबर आतून निघून जाऊ लागते. बाहेरून धरण शाबूत दिसते आणि आतून पोकळ होत जाते. पोकळीवरचा भराव खाली बसला म्हणजेच दोष डोळ्यांना दिसतो, आणि तोवर उपायाची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

पानशेत येथे नेमके हेच घडले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाचा जोर वाढला, जलाशयाची पातळी वेगाने चढू लागली आणि ११ जुलै रोजी मोरीच्या वरच्या भागात धरणाचा माथा खचत असल्याचे दिसून आले. दगडी धरणावरून काही काळ पाणी वाहिले तरी ते तग धरू शकते; मातीच्या धरणाला तेवढीही सवड नसते. माथ्यावरून पाण्याचा एक पाट सुरू झाला की तो मागील उतार कापत जातो आणि काही तासांतच खिंडार पडते. त्यामुळे खचलेल्या भागाची उंची कशीही करून वाढविणे हाच एक मार्ग उरला होता. लष्कराच्या जवानांना पाचारण करण्यात आले. पावसात, अंधारात, पायाखालचा भराव खाली जात असताना त्यांनी रात्रभर वाळूच्या पोत्यांचा बांध घातला. पोती रचावीत आणि माथा आणखी खचावा, असा तो क्रम होता. १२ जुलै १९६१ रोजी, बुधवारी, सकाळी सातच्या सुमारास धरण फुटले.

जवानांच्या त्या रात्रीच्या श्रमाचे मूल्यमापन इतिहासलेखनात पुरेशा गांभीर्याने झालेले नाही. धरण वाचले नाही, म्हणून तो प्रयत्न व्यर्थ गेला असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. पोत्यांच्या बांधामुळे धरणफुटी काही तास लांबली आणि जो पूर मध्यरात्री पुण्यात शिरला असता तो दिवसा शिरला. मध्यरात्री पेठांतील वाडे झोपेत असते. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांना, वृद्धांना, पाळण्यातल्या मुलांना अंधारात जिना सापडला नसता. दिवसा माणसांना पाणी दिसले, ते धावू शकले, पर्वतीकडे आणि उंच भागाकडे जाऊ शकले. पुण्यात त्या दिवशी जे प्राण वाचले, त्यांतील पुष्कळसे पानशेतच्या माथ्यावर रात्री उभ्या असलेल्या, पुण्यातील बहुतेकांना अपरिचित असलेल्या माणसांनी वाचविले. धोक्यातील समाजाविषयीची सहानुभूती कृतीत कशी उतरते याचे याहून निखळ उदाहरण या इतिहासात नाही. ही सहानुभूती पुराच्या आधीची होती.

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. त्या रात्री धोका ठाऊक असलेल्या माणसांचे एक वर्तुळ होते. अभियंते, अधिकारी, जवान हे त्यात होते. या वर्तुळाबाहेर, त्याच नदीच्या काठी, काही लाख वस्तीचे शहर होते आणि त्यातील बहुसंख्य लोकांना आपण कशाच्या खाली झोपलो आहोत याची कल्पना नव्हती. मिळालेल्या काही तासांचा उपयोग नदीकाठ पद्धतशीरपणे रिकामा करण्यासाठी झाला नाही. सकाळी माणसे नित्याच्या उद्योगास लागली. नदीचे पाणी वाढल्याचे ऐकून काही जण पुलांवर ते पाहावयासही गेले. पुराचे पाणी पाहावयास जाणे हा नदीकाठच्या गावांतील जुना परिपाठ आहे. परंतु पावसाचा पूर आणि धरणफुटीचा पूर यांतील भेद त्या माणसांना कोणी सांगितला नव्हता.

सूचना न देण्यामागे प्रत्येक वेळी हयगय असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘घबराट पसरू नये’ हे प्रशासनाचे अशा प्रसंगीचे नेहमीचे तर्कशास्त्र असते आणि त्यात काही तथ्यही असते. रात्री शहर रिकामे करण्याचा आदेश द्यावा आणि धरण टिकावे, तर आदेश देणाऱ्याचे हसे होते; आदेश देऊ नये आणि धरण फुटावे, तर दोष निसर्गावर किंवा अभियंत्यावर जातो. या हिशेबात नदीकाठच्या माणसाचे वजन शून्य धरलेले असते. त्याला भीती वाटू नये याची काळजी घेतली जाते. त्याने आपल्या मुलाबाळांसाठी स्वतः निर्णय घ्यावा, हा अधिकार मात्र त्याला दिला जात नाही.

पानशेतचे पाणी खडकवासल्याच्या जलाशयात आले, त्या धरणावरून वाहू लागले आणि दुपारी खडकवासल्याचे धरणही फुटले. सुमारे ऐंशी वर्षे उभे असलेले हे दगडी धरण स्वतःच्या दोषामुळे पडले नाही. नारायण, शनिवार, कसबा आणि अन्य पेठांचे नदीलगतचे भाग, डेक्कन जिमखाना, संगमाकडील वस्ती पाण्याखाली गेली, पूल बुडाले. दगडाच्या जोत्यावर माती-विटांनी उभे केलेले जुने वाडे पाण्यात काही वेळ उभे राहिले आणि भिंती भिजल्यावर बसले. पाणी ओसरले तेव्हा घराघरांत चिखलाचा थर होता. शहराचा पाणीपुरवठा खडकवासल्यावर अवलंबून असल्याने पुराने उद्ध्वस्त झालेल्या पुण्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई निर्माण झाली आणि लोकांना जुन्या विहिरींकडे वळावे लागले. मृतांच्या संख्येबाबत तेव्हापासून आजतागायत एकवाक्यता झालेली नाही.

सहानुभूतीचा ओघ आणि त्याची दिशा

पुरानंतर पुण्याकडे सहानुभूतीचा जो ओघ सुरू झाला तो खरा होता आणि मोठाही होता. राज्यातून व देशातून मदत आली. स्वयंसेवी संस्था, महाविद्यालयीन विद्यार्थी, मंडळे चिखल उपसण्यासाठी पुढे सरसावली. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या शासनापुढील हे पहिले मोठे संकट होते. पुनर्वसनाच्या कामी स. गो. बर्वे यांच्यासारख्या कर्तबगार प्रशासकाची योजना झाली. अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये हजारो कुटुंबांची तात्पुरती सोय झाली. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहतींचा उगम आणि विस्तार या पुराशी जोडलेला आहे. शहराचा नकाशाच बदलला. पुण्यात कालगणना ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुराच्या नंतर’ अशी होऊ लागली. दरवर्षी १२ जुलैला वृत्तपत्रांत आठवणी येतात.

या आठवणी बहुतांशी पेठांच्या आहेत, हे येथे नोंदविणे भाग आहे. पानशेत ते पुणे या दरम्यान नदीच्या काठाने गावे होती, मळे होते, वस्त्या होत्या. पाणी त्यांना आधी भेटले. शहरी पूरग्रस्ताला लेखणी होती, नातेवाईक होते, महापालिका होती. खोऱ्यातील शेतकऱ्याची वाहून गेलेली माती कोणाच्या स्मरणिकेत नोंदली जात नाही. वरच्या खोऱ्यातील काही कुटुंबांची तर दुहेरी कोंडी झाली. धरणासाठी त्यांनी जमिनी दिल्या, धरण फुटले, आणि त्याच जागी ते पुन्हा बांधले गेले. ज्यांच्या जमिनीवर पाणी साठले आणि ज्यांच्या शेतातून ते वाहून गेले, ती एकाच खोऱ्यातील, पुष्कळदा एकमेकांच्या सोयरिकीतील माणसे होती. त्यांची गणना मात्र शासनाच्या दोन निराळ्या वह्यांत झाली, किंवा झालीच नाही.

पुराची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती बावडेकर यांची नियुक्ती झाली आणि त्यांच्या मृत्यूनंतर ते काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे सोपविण्यात आले. सार्वजनिक चर्चेचा भर धरण का फुटले आणि घाई कोणी केली या प्रश्नांवर राहिला. ते स्वाभाविक होते. परंतु ‘फुटणार हे कळल्यावर खालच्या माणसांना काय सांगितले गेले’ हा प्रश्न त्या मानाने मागे पडला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्थापत्यशास्त्रात सापडते आणि त्यातून पुढील धरणे सुधारतात. दुसऱ्याचे उत्तर शासन आणि समाज यांच्या संबंधात शोधावे लागते. तेथे सुधारणा सावकाश होते. केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्यालाच, धरणाच्या सान्निध्यात आहे. ज्ञानाचा अभाव हे कारण पुण्याच्या बाबतीत तरी पुढे करता येण्यासारखे नव्हते.

कोयना

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर येथे झालेल्या भूकंपाने हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा केला. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली, वसाहत जमीनदोस्त झाली आणि १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या काही भागांत आडव्या भेगा पडल्या. भिंतीचा मागील उतार जेथे एकाएकी बदलतो, त्या पातळीच्या आसपास त्या प्रामुख्याने होत्या. धरण टिकले. भेगा बुजविण्यात आल्या आणि काही उंच भागांना मागील बाजूने काँक्रीटचा आधार देऊन बळकटी आणण्यात आली.

देशाची सहानुभूती कोयनानगरकडे वळली. कोयनेच्या विजेवर चालणाऱ्या मुंबईच्या उद्योगांची चिंताही व्यक्त झाली. पाटण, कऱ्हाड आणि कृष्णाकाठची गावे भूकंपातून बऱ्याच अंशी वाचली होती. म्हणून ती भूकंपग्रस्तांत पूर्णपणे मोडत नव्हती, आणि धरण न फुटल्यामुळे पूरग्रस्तही नव्हती. तथापि त्यांच्या वरच्या बाजूस भेगाळलेले धरण आणि त्यामागे अफाट पाणी होते, आणि पानशेतला अवघी साडेसहा वर्षे झाली होती. भूकंपाचे लहानमोठे धक्के त्या परिसरात पुढेही येत राहिले. अभियंत्यांच्या दृष्टीने हा दुरुस्तीचा काळ होता. नदीकाठच्या माणसाच्या दृष्टीने तो प्रत्येक धक्क्याला उंबऱ्याबाहेर येऊन नदीच्या दिशेने कान देण्याचा काळ होता. कोयना भूकंपावर जगभर शास्त्रीय लेखन झाले, जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधाचा तो प्रमाणभूत दाखला मानला जातो; त्या प्रतीक्षेविषयीचे लेखन मात्र शोधावे लागते.

टेमघर आणि तिवरे

एकविसाव्या शतकातील दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे सहानुभूतीचे माप कोणत्या हिशेबाने ठरते हे कळते. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात मुठा नदीवर बांधलेल्या टेमघर धरणाच्या भिंतीतून मोठ्या प्रमाणावर पाणी गळत असल्याचे वृत्त २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. भिंतीतून उसळणाऱ्या पाण्याची छायाचित्रे सर्वत्र झळकली. हे धरणही खडकवासल्याच्या वरच आहे आणि खडकवासल्याच्या खाली पुणे आहे. पानशेतची आठवण निघणे अपरिहार्य होते, आणि ती निघाली. शासनाने अभियंते व ठेकेदार यांच्यावर गुन्हे दाखल केले. २०१७ पासून धरण रिकामे करून भिंतीत सिमेंटचे मिश्रण दाबाने भरण्याचे काम हाती घेण्यात आले आणि गळती बऱ्याच अंशी आटोक्यात आली. हा जनमताच्या दडपणाचा आणि तांत्रिक क्षमतेचा एक समाधानकारक नमुना होय. फक्त, ते जनमत महानगराचे होते.

तिवरे हे रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यातील गाव. तेथील मातीच्या लहान धरणास गळती लागल्याची तक्रार ग्रामस्थांनी केली होती; पावसाळ्यापूर्वी काही डागडुजीही झाली होती. २ जुलै २०१९ रोजी रात्री, मुसळधार पावसात, ते धरण फुटले. भेंदवाडीतील घरे वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. येथे पोत्यांचा बांध घालणारे कोणी नव्हते आणि पाणी रात्रीच आले. पानशेतच्या जवानांनी पुण्यासाठी टाळलेली नेमकी तीच वेळ. खेकड्यांनी भराव पोखरल्यामुळे धरण फुटले, असे विधान तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी केले आणि त्यावर राज्यभर उपहास झाला. त्या उपहासाच्या गदारोळात मूळ मुद्दा काहीसा झाकला गेला. भराव कोणी पोखरला याहून, गळती दिसत आहे हे सांगणाऱ्या ग्रामस्थांच्या सांगण्याला वजन का आले नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता. विशेष तपास पथक नेमले गेले. वाचलेल्या कुटुंबांची तात्पुरती सोय पत्र्याच्या कंटेनरमध्ये झाली. निसेन हटची जागा अर्धशतकानंतर कंटेनरने घेतली होती.

या दुर्घटनेनंतर मराठी वृत्तपत्रांनी तेथील लोकांना ‘तिवरे धरणग्रस्त’ म्हणण्यास प्रारंभ केला, ही भाषेच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट आहे. मुळशीपासून वरच्या माणसासाठी वापरला गेलेला हा शब्द प्रथमच इतक्या सहजतेने खालच्या माणसासाठी वापरला गेला. अर्थात, तोही फुटल्यानंतर.

कायदा आणि नदीकाठ

डिसेंबर २०२१ मध्ये अमलात आलेल्या केंद्राच्या धरण सुरक्षा कायद्याने धरणाची देखरेख, तपासणी आणि दुरुस्ती यांची जबाबदारी निश्चित केली आणि कायद्याच्या कक्षेतील धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केला. धरण फुटल्यास कोणता भाग पाण्याखाली जाईल, कोणाला, कोणी आणि कशी सूचना द्यावयाची, हे या आराखड्यात असावे अशी अपेक्षा आहे. अस्तित्वात असलेल्या धरणांसाठी त्यास पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखण्याची पद्धत त्यापूर्वीची आहे. परंतु निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या हिशेबाने आखली जाते. धरणफुटीचे पाणी या दोन्ही रेषा मानत नाही, हे १९६१ मध्ये पुण्याने पाहिले आहे.

आराखडा तयार करणारा अभियंता आणि त्यात ज्यांची वस्ती रंगविली जाते ते ग्रामस्थ यांची गाठ कोठे पडते, हे आता पाहावयाचे आहे. आराखड्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात असणे आणि भेंदवाडीसारख्या वाडीतील माणसाला रात्री कोणत्या वाटेने, कोणत्या उंचवट्यावर जावयाचे हे ठाऊक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ग्रामसभेत हा नकाशा मांडला जातो का, पावसाळ्यापूर्वी त्याची रंगीत तालीम होते का, गळती प्रथम पाहणाऱ्या गुराख्याचे म्हणणे नोंदवून घेण्यास कोणाला नेमले आहे का, हे तालुका-तालुक्यात जाऊन तपासता येण्यासारखे आहे. नदीकाठच्या गावांतील महाविद्यालयांच्या इतिहास आणि भूगोल विभागांना त्यासाठी फार लांब जावे लागणार नाही.